जोर कमी पडतो तेव्हा: मोट, बरगे, राधानगरीचे दरवाजे आणि लेझर यंत्राचे अडलेले टेबल

१/
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात लेझरने लाकूड आणि अॅक्रिलिक कापणारी लहान यंत्रे आता नवी राहिलेली नाहीत. अशा यंत्राचे टेबल मोटरवर वर-खाली होते. एके दिवशी ते वर जाईनासे होते. मोटर गुणगुणते, टेबल थरथरते आणि जागच्या जागी थांबते. पाहणाऱ्याचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: मोटर कमजोर आहे, मोठी बसवा. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा ठरतो. का, ते समजून घेण्यासाठी याच मुलुखातल्या पाण्याच्या इतिहासाकडे जाऊ. आजचा धागा त्याविषयी आहे. थोडा लांब आहे, सावकाश वाचावा.

२/
आधी टेबलाच्या उंचीला एवढे महत्त्व का, ते पाहू. भिंगातून उतरणारा लेझरचा किरण एका ठरावीक अंतरावर सर्वांत बारीक होतो. लहान यंत्रांत हे भिंग पुष्कळदा ५०.८ मिलिमीटर, म्हणजे २ इंच नाभीय अंतराचे असते. कापायच्या वस्तूचा पृष्ठभाग त्या बिंदूपासून दोन-तीन मिलिमीटर जरी ढळला, तरी किरण पसरतो, कड करपते आणि काप आरपार जात नाही. ३ मिलिमीटरचे प्लायवूड काढून त्या जागी १० मिलिमीटरची फळी ठेवली, तर टेबल ७ मिलिमीटर खाली घ्यावे लागते आणि पुढच्या कामासाठी पुन्हा तेवढेच वर न्यावे लागते. म्हणजे टेबल अडले की किरण शाबूत असूनही काम बंद.

३/
या किरणाचा जन्मदाता आपल्याच प्रांतातला. कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. लाकूड, चामडे, कापड, अॅक्रिलिक कापणारी बहुसंख्य लहान यंत्रे आजही त्यांच्याच शोधावर चालतात. या महाविद्यालयाचे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे. किरणाचा इतिहास असा नोंदला गेला. त्या किरणाखाली वजन वर-खाली करणाऱ्या भागाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही, आणि तो कितीतरी जुना आहे.

४/
कोणतीही वस्तू उचलताना तीन गोष्टींचा हिशेब असतो: ओझे किती, वाटेत घर्षण किती आणि हाती जोर किती. आजच्या काळात तिसरी गोष्ट बाजारात विकत मिळते, म्हणून आपले लक्ष प्रथम तिच्याकडे जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. शेतकऱ्याच्या दावणीला जेवढे बैल तेवढाच जोर. बंधाऱ्यावर जेवढी माणसे तेवढीच ताकद. जोर वाढवणे शक्य नसल्यामुळे त्या लोकांना पहिल्या दोन गोष्टींवर डोके चालवावे लागले. त्यांनी काढलेले उपाय आजही जागेवर जाऊन पाहता येतात. त्यांतले तीन पाहू.

५/
पहिला उपाय मोटेचा. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून जाणारा जाड दोर म्हणजे नाडा, खाली चामड्याची मोट आणि तिच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. बैल ज्या वाटेने चालतात ती धाव. धाव सपाट नसते. ती विहिरीपासून दूर जाताना उताराची असते. भरलेली मोट वर येत असते तेव्हा बैल उतारावरून खाली जात असतात, त्यामुळे त्यांच्या अंगाचे वजन ओढीच्या बाजूने काम करते. मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैल उलटे, चढावर मागे सरतात. तेव्हा विहिरीत रिकामी मोट उतरत असते आणि ओढायला काहीच नसते.

६/
म्हणजे कष्टाचा भाग उताराला आणि सोपा भाग चढाला, अशी ही वाटणी आहे. बैल उतरू लागले की मोटकरी पुष्कळदा नाड्यावर बसत असे. बघणाऱ्याला ती विश्रांती वाटे, पण त्याचे वजनही ओढीत मिळत असे. बैलांची संख्या न वाढवता अधिक पाणी काढण्याची ही युक्ती होती. यंत्रशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर चालकाचे स्वतःचे वजनच त्याच्या मदतीला आणले होते. धाव चुकीच्या उताराची झाली तर चांगली जोडीही दमून जाते, हे गावोगावच्या शेतकऱ्यांना ठाऊक होते. बैल थकले म्हणजे ते कमकुवतच असतील असे नाही, वाटही तपासावी लागते.

७/
दुसरा उपाय कोल्हापूरच्याच नावाने ओळखला जातो: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीच्या पात्रात दगडी खांबांची रांग, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत आडव्या बसवायच्या फळ्या. या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, त्यामुळे पूर आणि गाळ दोन्ही खांबांमधून निघून जातात. पावसाळा सरला की बरगे घालतात आणि पाणी अडते. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी घालून मधल्या पोकळीत माती ठासत, म्हणजे गळती थांबे. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे दर पावसाळ्यात बातम्यांतून आपल्याला भेटतात.

८/
आता उचलण्याच्या दृष्टीने या रचनेकडे पाहा. खांबांमधले अंतर एकाच अखंड दरवाज्याने बंद केले असते, तर तो उचलायला मोठी चाके, साखळ्या आणि पुढे यंत्र लागले असते. प्रत्येक गाळ्याला एक. करवीर संस्थानाच्या नदीकाठी ते परवडणारे नव्हते. म्हणून ओझ्याचेच तुकडे केले. एक बरगा माणसांच्या हातांना पेलतो. गाळा भरायला असे कितीतरी बरगे लागतात, वेळही लागतो, पण एका क्षणी उचलायचे वजन कधीच हाताबाहेर जात नाही. वेळ भरपूर आणि जोर कमी असेल तेव्हा काम लहान पावलांत वाटून घ्यावे, हा या बंधाऱ्याचा हिशेब आहे.

९/
बरगा अडतो तेव्हा काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. पाण्याचा दाब बरग्याला खाचेच्या एका बाजूवर दाबून धरतो. दाब जितका अधिक, तितके घर्षण अधिक. खाचेत गाळ बसला किंवा बरगा तिरका झाला की तो आणखी रुतून बसतो. अशा वेळी एकाच टोकाला जोर लावला तर तिरकेपणा वाढतो आणि बरगा पाचरीसारखा आवळला जातो. दोन्ही टोके सारखी वर यावी लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण लेझर यंत्राच्या टेबलाचा सर्वांत सामान्य आजार नेमका हाच आहे. तिथे दोनाऐवजी चार टोके असतात, इतकेच.

१०/
तिसरा उपाय राधानगरीचा. भोगावती नदीवरच्या या धरणाची कल्पना राजर्षी शाहू छत्रपतींची. १९०९ च्या सुमारास काम सुरू झाले. राधानगरी हे नाव त्यांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून पडले. १९१८ च्या सुमारास, भिंत साधारण ४० फुटांवर आलेली असताना काम थांबले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. आज त्याची साठवणक्षमता ८.३६ टीएमसी सांगितली जाते. संस्थानी काळात आरंभ झालेले आणि लोकशाही काळात पूर्ण झालेले हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुष्कळ काही सांगते. आपण मात्र आज फक्त त्याच्या दरवाज्यांपुरते बोलू.

११/
राधानगरीच्या सांडव्यावर सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५० फुटांच्या पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडू लागतात. कोल्हापुरात ही दर पावसाळ्यातली मोठी बातमी असते. एका दरवाज्यातून सुमारे १,४२८ क्युसेक पाणी सुटते, म्हणून दोन दरवाजे उघडले की २,८५६ हा आकडा वर्तमानपत्रांत हमखास दिसतो. उघडण्यासाठी मोटर नाही, कळ दाबणारा माणूस नाही. एका बाजूला पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा प्रतिभार. पाणी ठरलेली पातळी ओलांडते तेव्हा पारडे कलते आणि दरवाजा उघडतो. पाणी उतरले की पारडे पुन्हा फिरते आणि दरवाजा मिटतो.

१२/
आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यांची कल्पना महाराष्ट्रात त्याआधीच अवतरली होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८८४ मध्ये दाखल झाले. त्यांचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे तेच महाविद्यालय जिथे पुढे कुमार पटेल शिकले. १९०३ मध्ये खडकवासला येथे त्यांच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे बसले. भिंतीची उंची न वाढवता सांडव्यावर अधिक पाणी साठवता यावे आणि पूर आला की ते आपोआप निघून जावे, हा हेतू. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे होते. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असे दरवाजे वापरले गेले.

१३/
समतोलाची ही युक्ती शहरातल्या प्रत्येक उंच इमारतीत लपलेली असते. लिफ्टच्या पाळण्याला दोरांच्या दुसऱ्या टोकाशी एक प्रतिभार जोडलेला असतो. तो साधारणपणे रिकाम्या पाळण्याचे वजन अधिक पूर्ण भाराचा चाळीस ते पन्नास टक्के भाग इतका ठेवतात. त्यामुळे मोटरला पाळणा उचलावा लागतच नाही, ती फक्त दोन बाजूंमधला फरक उचलते. राधानगरीत तो फरक पाणी उचलते, लिफ्टमध्ये वीज उचलते. दोन्हीकडे ओझ्याचा मोठा हिस्सा दुसऱ्या ओझ्याने आधीच फेडलेला असतो.

१४/
आता यंत्राकडे परत येऊ. लेझर यंत्राचे टेबल बहुधा चार कोपऱ्यांतल्या चार उभ्या आट्यांच्या दांड्यांवर टेकलेले असते. प्रत्येक दांड्याच्या खाली दातेरी पुली, चारही पुलींभोवती एकच बेल्ट आणि तो फिरवणारी एकच मोटर. दांडे फिरतात, त्यांवरचे नट वर चढतात आणि टेबल उचलले जाते. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. घाटातला रस्ता वळणे घेत लांब केला की गाडीला चढ हलका लागतो, तोच न्याय. बारीक आट्याला कमी पीळ लागतो, पण फेरे जास्त. मोठ्या आट्याला फेरे कमी, पण पीळ जास्त.

१५/
थोडा हिशेब करू. जाळी आणि चौकट धरून टेबल २० किलोचे असेल, तर त्याचा भार सुमारे १९६ न्यूटन. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर चढणारा आटा असेल, तर घर्षण शून्य मानून ०.२५ न्यूटन-मीटर पीळ लागतो. प्रत्यक्षात अशा आट्यात निम्मा जोर घर्षणात गेला असे धरले, तर ०.५ न्यूटन-मीटर. आता एका फेऱ्यात २ मिलिमीटर चढणारा आटा घ्या. घर्षणाशिवायचा हिशेब चौपट उतरतो, ०.०६ वर येतो. पण बारीक आट्यात घर्षणाचा वाटा मोठा असतो. तीन-चतुर्थांश जोर तिथे गेला असे धरले, तर प्रत्यक्षात ०.२५ लागतो. फायदा चौपट नाही, दुप्पट. मात्र बारीक आट्याचे टेबल वीज गेली तरी घसरत नाही, मोठ्या आट्याचे घसरू शकते.

१६/
या घर्षणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत एक नाव आपण विजेच्या धड्यात वाचलेले असते: शार्ल कूलॉम. हा फ्रेंच लष्करी अभियंता. साध्या यंत्रांवरील त्याच्या प्रबंधाला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याच्या निरीक्षणांपैकी एक आपल्या कामाचे आहे. दोन पृष्ठभाग काही काळ एकमेकांवर स्वस्थ टेकून राहिले की त्यांना पहिल्यांदा हलवायला अधिक जोर लागतो, एकदा हलू लागले की कमी पुरतो. सुटीनंतर सोमवारी सकाळी अडणारे आणि दुपारी सुरळीत चालणारे टेबल बहुधा हीच साक्ष देत असते.

१७/
दुरुस्ती म्हणजेही एक प्रकारची साक्ष-तपासणी. इतिहासात आपण एकाच घटनेचे दोन वृत्तांत शेजारी ठेवून विसंगती शोधतो. इथेही तसेच करावे. प्रथम यंत्राची वीज पूर्ण बंद करून प्लग काढावा. लेझर नळीच्या वीजपुरवठ्यात घातक उच्च दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही काही काळ तो टिकू शकतो, म्हणून त्या कप्प्याला हात लावू नये. टेबलाला खालून पक्क्या लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा आणि त्याखाली हात घालू नये. मग बेल्ट मोटरपासून सोडवावा आणि पुली हाताने फिरवून पाहावी. मोटर नसताना यंत्र काय सांगते, हा पहिला वृत्तांत.

१८/
हाताला जे जाणवते त्याचा अर्थ असा लावावा. वर नेताना जड आणि खाली आणताना हलके लागले, तर मुख्य प्रश्न वजनाचा आहे. दोन्ही दिशांना सारखेच जड असेल, तर घर्षणाचा. फक्त एका ठरावीक उंचीवर अडत असेल, तर त्या जागी दांडा वाकलेला, आटा खरचटलेला किंवा कचरा अडकलेला असतो. प्रत्येक फेऱ्यात एकदाच जड लागत असेल, तर वाकलेल्या दांड्याचा संशय पक्का. आणि हाताने सगळे हलके फिरत असेल, तर दोष यंत्राच्या अंगात नाही, मोटर आणि तिच्या वीज-नियंत्रकाकडे आहे.

१९/
सर्वांत आधी चार कोपरे मोजावेत. किरणाचे तोंड एकेका कोपऱ्यावर नेऊन तिथून टेबलापर्यंतचे अंतर पट्टीने पाहावे. बेल्टचा एखादा दात एका पुलीवर निसटला, की तो कोपरा इतर तिघांच्या मागे राहतो. टेबल तिरके होते आणि नट दांड्यावर आवळले जातात. खाचेत तिरका झालेला बरगा आठवा, तोच हा प्रकार. बेल्ट सैल करून मागे राहिलेला दांडा हाताने फिरवावा, चारही कोपरे सारखे करावेत आणि मग बेल्ट पुन्हा ताणावा. बेल्ट फार ताणला तर बेअरिंगवर बाजूचा दाब येऊन नवे घर्षण निर्माण होते. सैल राहिला तर पुन्हा दात उडी मारतो. पुलीला दांड्यावर धरून ठेवणारा लहान स्क्रूही तपासावा. तो सैल असेल तर मोटर फिरते, पण टेबल हलत नाही.

२०/
मग साफसफाई. लाकूड आणि अॅक्रिलिक कापताना निघणारा धूर चिकट असतो. तो आट्यांवर बसतो, त्यावर धूळ बसते आणि त्याची खळ होते. त्या खळीवर नवे ग्रीस चोपडले तर ती आणखी घट्ट होते. जुना थर कापडाने आणि ब्रशने पूर्ण काढावा, दांडा कोरडा करावा आणि मगच पातळ थर द्यावा. बंधाऱ्यावर बरगे घालण्याआधी खाच साफ करतात, तेल ओतत नाहीत. नट आणि दांडे चौकटीला आवळतानाही एक पथ्य आहे: स्क्रू थोडे सैल ठेवून टेबल पूर्ण खाली आणि पूर्ण वर न्यावे, म्हणजे ते आपली सरळ जागा शोधते. त्यानंतर स्क्रू पक्के करावेत.

२१/
एवढे करूनही वर जाताना अडले तर वेग कमी करावा. या यंत्रांत बहुधा स्टेपर मोटर असते आणि तिचा पीळ वेग वाढला की घटतो. पायरीपायरीने फिरणारी ही मोटर घाई केली की गुणगुणत जागीच राहते. टेबलाला किरणासारखी घाई नसते. ७ मिलिमीटर चढायला दहा सेकंद जास्त लागले तर कोणाचे काही बिघडत नाही. वेगाबरोबर वेगवाढीचा दरही उतरवावा. त्यानंतर नियंत्रकातून मोटरला मिळणारा प्रवाह तिच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेएवढा आहे का, ते पाहावे. तो कमी असेल तर मर्यादेपर्यंत न्यावा, मर्यादेपलीकडे नाही. वेळ देऊन जोर वाचवणे हे बंधाऱ्याचे तत्त्व इथे जसेच्या तसे लागू पडते.

२२/
वजनाचाच प्रश्न असेल तर राधानगरीचा मार्ग मोकळा आहे. टेबलाखाली सारख्या ताणाच्या स्प्रिंग किंवा गॅसचे दट्टे बसवून त्याचे काही वजन आधीच फेडावे. २० किलोंपैकी १५ किलो असे फेडले, तर मोटरला फक्त ५ किलोंचा फरक उचलावा लागतो आणि मोठ्या आट्याचे टेबल वीज गेल्यावर घसरण्याची भीतीही कमी होते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. आधार चारही बाजूंना सारखा असावा, नाहीतर टेबल पुन्हा तिरके होईल. आणि समतोलाने वजन फेडले जाते, आवळलेल्या नटांचे घर्षण नाही. म्हणून हा उपाय साफसफाई आणि सरळीकरणानंतरचा.

२३/
मोटर आणि दांड्यांच्या मध्ये लहान पुलीवरून मोठ्या पुलीकडे अशी उतरंड बसवली, तरी पीळ वाढतो. एकास दोन प्रमाण घेतले तर वेग निम्मा आणि पीळ जवळजवळ दुप्पट. एवढे सगळे झाल्यावरच मोठ्या मोटरचा विचार करावा. हा क्रम काटकसरीपोटी सांगितलेला नाही. टेबल तिरके होऊन आवळले असताना मोठी मोटर बसवली, तर ती अडथळ्यावर मात करते आणि दोष झाकला जातो. मग तो जोर कुठेतरी निघतो: दांडा वाकतो, नटाचे आटे झिजतात, बेल्ट तुटतो. कमजोर मोटर थांबली होती, म्हणून नुकसान टळले होते.

२४/
हे प्रश्न टेबलापुरते लहान राहत नाहीत. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस राधानगरीच्या सेवाद्वाराचे तांत्रिक काम सुरू असताना ते उघड्या स्थितीत अडकले आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीत पाण्याचा लोंढा आला. नदीकाठच्या गावांना सावध करावे लागले. याच धरणाचे स्वयंचलित दरवाजे निराळे आणि हे यंत्राने उचलायचे द्वार निराळे, हे इथे ध्यानात घ्यावे. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होसपेटजवळच्या तुंगभद्रा धरणाच्या ३३ दरवाज्यांपैकी १९ व्या दरवाज्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला.

२५/
तुंगभद्रेवर पुढे जे केले गेले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. इतर दरवाजे उघडून आधी दाब हलका केला. मग वाहत्या पाण्यात त्या रिकाम्या गाळ्यात पोलादी अडसर उतरवले. एक अखंड दरवाजा नव्हे, तर एकावर एक बसणारे आडवे तुकडे. कोल्हापूरच्या नदीकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला ते चित्र दाखवले, तर तो एका शब्दात ओळखेल: बरगे. क्रेनचा जोर उपलब्ध असतानाही अभियंत्यांनी आधी भार कमी केला, मग ओझे वाटून घेतले आणि जोर सर्वांत शेवटी लावला.

२६/
कोल्हापूरची कारखानदारी शेतीच्या गरजांतून वाढली. उसाचे चरक, पाणी उपसणारी ऑइल इंजिने, त्यांचे ओतीव भाग आणि त्यांची दुरुस्ती. मोट थांबली आणि विहिरीवर इंजिन आले, तेव्हा ते दुरुस्त करणारे हात याच शहरात तयार झाले. त्या मेस्त्री लोकांचे ज्ञान दप्तरांत फारसे सापडत नाही. धरणाचा हुकूम, खर्चाचा तक्ता, अभियंत्याचा अहवाल हे कागद जपले जातात. अडलेला दरवाजा कोणत्या कोपऱ्यातून सैल केला, हे कोणी लिहून ठेवत नाही. ते ज्ञान माणसाबरोबर जाते आणि मागे उरते ती झिजलेली वस्तू.

२७/
म्हणून वस्तूही कागदाइतक्याच काळजीने वाचायला हव्यात. जुन्या विहिरीच्या काठावरचा नाड्याने पाडलेला चर, धावेचा उतार, बंधाऱ्याच्या खाचेची एकाच बाजूने झालेली झीज, टेबलाच्या एकाच नटातून पडलेली पितळेची पूड: यांतले प्रत्येक चिन्ह कुठे भार जास्त आला ते सांगते. इतिहासाची आवड असलेल्या मित्रांना एक विनंती आहे. पावसाळा संपल्यावर जवळच्या बंधाऱ्यावर बरगे घालताना जाऊन पाहा. घालणाऱ्यांशी बोला. बरगा अडला तर काय करता, एवढे विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

२८/
आणि कोणाच्या कारखान्यात लेझरचे टेबल अडले असेल, तर मोटरची मागणी नोंदवण्याआधी बेल्ट सोडवून पुली एकदा हाताने फिरवून पाहा. वजन, वाट आणि तिरकेपणा हे तिन्ही तपासून झाल्यावर जोराची पाळी येते. टेबल कशामुळे अडले होते, ते यंत्रावरच एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून चिकटवा. पुढच्या माणसाला तोच शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागणार नाही.

धागा समाप्त. आपल्या गावच्या मोटेच्या विहिरीविषयी किंवा बंधाऱ्याविषयी काही माहिती असेल, तर खाली जरूर लिहावी.